ऐकू आलं की हात वर

“आहाहा! रेशीम! नुसतं रेशीम!”

इनामदारांनी डोळे मिटले होते. कानांवर त्यांचे लाडके जर्मन हेडफोन, एक हात हवेत झुलतोय आणि समोरच्या बशीतलं भडंग तसंच पडून. भडंग समोर असताना इनामदारांचं लक्ष दुसरीकडे जाणं ही मी बनवलेल्या अँप्लिफायरच्या डब्याला मिळालेली मोठी शाबासकी होती.

“वरचे सूर ऐका शेवडे, वरचे सूर! बासरीवाल्याचा श्वाससुद्धा सुटा कळतोय.”

“मग काढा की आता,” रफिक मुजावर म्हणाले. “तुमचं रेशीम आम्हालाही जरा नेसू दे.”

“हात पुसा आधी. तेलकट हात नाही लावायचा.”

“बघा शेवडे, हा माणूस बायकोला विसरेल, पण हेडफोन पुसायला विसरायचा नाही.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर माझं घर आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथं जमायचो. तिघंही साठी ओलांडलेले, तिघंही हेडफोनवेडे. इनामदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे जर्मन हेडफोन मखमल लावलेल्या पेटीत यायचे आणि त्याच पेटीत परत जायचे. डोक्याला तेल लावलेल्या माणसाला ते मिळायचे नाहीत. मुजावरांचं एकेकाळी राजवाड्याजवळ कॅसेटचं दुकान होतं. त्यांचे जपानी हेडफोन त्या दिवसांतले. कानावरच्या गाद्या फाटल्या तेव्हा त्यांच्या बायकोने ब्लाउजपीसचं काळं मखमल वापरून नव्या शिवून दिल्या होत्या. त्यानंतर आवाज गोड झाला असं ते शपथेवर सांगायचे. माझे हेडफोन साधे, हलके, फोम बदलून बदलून जगवलेले. पण त्यांना जोर देणारे अँप्लिफायर मी घरीच बनवायचो, आणि मुजावरांच्या मते साताऱ्यात तसे दुसरे नव्हते.

मी टेलिफोन खात्यात होतो. तारेत पाणी शिरलंय की जोड सैल झालाय, हे मी मीटर लावायच्या आधी नुसतं ऐकून सांगायचो. ऑफिसात मला ‘कान’ म्हणत. “कानाला बोलवा रे,” असं कुणी ओरडलं की मी जागेवरून उठायचो. निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांना ओसरीवर बसवून तारांना सोल्डरचा डाग द्यायला, तारा सोलायला, बॅटरीवर दिवा पेटवायला शिकवायला लागलो. मुलं येत, काही टिकत, काही क्रिकेटला पळत. टिकलेल्यांत प्रांजल निकम होती.

प्रांजल तेव्हा सहावीत होती. तिची आई कल्पना एसटीत कंडक्टर. आईची रविवारची ड्यूटी असली की प्रांजल सकाळी वर्गाला यायची ती संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच असायची. बोलायची कमी. हात मात्र असा स्थिर की तिने दिलेला डाग बघत बसावं. ती स्वतःचा पहिला अँप्लिफायर बनवत होती. “यावर काय ऐकणार तू?” असं विचारलं की म्हणायची, “अजून ठरलं नाही, आजोबा.”

त्या रविवारी ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून तेच करत होती, आणि आम्ही तिघं आत बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून, नव्या डब्याची परीक्षा घेत होतो.

हा डबा आमच्या चैनीसाठी नव्हता. गावातल्या अंध मुलांच्या शाळेत धडे ऐकायची खोली होती. तिथं एकच प्लेअर आणि त्याभोवती मुलांचा घोळका. एका प्लेअरला सहा हेडफोन जोडले की आवाज इतका मिणमिणता होतो की कुणालाच धड ऐकू येत नाही. आमचा डबा मध्ये बसवला की तोच आवाज सहाही जणांना पुरेसा, आणि प्रत्येकाला आपलं स्वतःचं बटण. युक्ती मुजावरांची, पैसे इनामदारांचे, रचना माझी. आधी एक डबा बनवून शाळेत ठेवला होता. बाकीचे तयार होऊन माझ्या टेबलावर ओळीने बसले होते. कुमुद, म्हणजे माझी बायको, म्हणायची की तिच्या स्वयंपाकघरातला एकेक डबा कमी होतोय आणि त्या टेबलावर एकेक वाढतोय. त्यात तथ्य होतं. दोन दिवसांनी ते सगळे शाळेत जायचे होते.

“शाळेच्या सरांचा फोन आला होता,” मी म्हणालो. “मुलं थोडा वेळ ऐकतात आणि हेडफोन काढून ठेवतात म्हणे.”

“सवय नाही हो,” इनामदार भडंगाकडे वळत म्हणाले. “चांगला आवाज ऐकायचीसुद्धा सवय लागते. आमच्या हिला मी पहिल्यांदा ऐकवलं तर म्हणाली, कान दुखतात.”

“कान तुमच्या बोलण्याने दुखले असतील,” मुजावर म्हणाले.

कुमुद चहा घेऊन आली. इनामदार खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाले, “जागा मात्र शांत निवडलीत शेवडे. ऐकायला अशी जागा हवी.”

“शांत? जरा जास्तच शांत झालीय,” मी म्हणालो. “घर बांधलं तेव्हा दिवेलागणीला रातकिडे असे ओरडायचे की घरातल्या घरात मोठ्याने बोलावं लागायचं. वरती प्लॉट पाडले, झाडी तोडली, सगळे गेले. एक शिल्लक नाही.”

हे मी दर महिन्याला सांगायचो. कुमुदने कप ठेवले, एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि ती आत गेली. ओसरीवरून प्रांजलने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. मला वाटलं, तिला डाग देताना काही अडलं असेल.

“ये गं पोरी,” मुजावरांनी तिला हाक मारली. “तूही ऐक. तुझ्या गुरुजींनी काय केलंय बघ.”

इनामदारांनी तिच्या वेणीकडे बघितलं. “तेल?”

“कालच न्हायलेय,” प्रांजल म्हणाली.

जर्मन हेडफोन तिच्या डोक्याला मोठे होत होते. तिने दोन्ही हातांनी धरले. बासरी सुरू होती. क्षणभर तिचा चेहरा छान उजळला, आणि मग भुवया एकदम जवळ आल्या. तिने हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवले.

“कसं आहे?” इनामदारांनी विचारलं.

“छान आहे.”

पण बोलताना तिने करंगळी कानात घालून हलवली. आंघोळ करताना पाणी गेल्यावर मुलं हलवतात तशी.

इतकी वर्षं मुलांबरोबर घालवल्यावर एक गोष्ट कळते. मूल खरं बोलत असतं तेव्हा त्याचं सगळं अंग बोलतं. म्हणून माझ्या वर्गात ‘छान’ या शब्दाला बंदी होती. दिवा पेटला तर ‘पेटला’ म्हणायचं, नाही पेटला तर ‘नाही पेटला’. काय दिसलं, काय ऐकलं, तेवढंच सांगायचं.

“प्रांजल,” मी म्हणालो, “आपल्या वर्गात ‘छान’ चालतं का?”

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

“चालतं का?”

“नाही.”

“मग काय ऐकलंस?”

तिने इनामदारांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बासरी ऐकली. आणि शिट्टी.”

“शिट्टी?”

“बारीक. सारखी वाजतेय. बासरी थांबली तरी वाजते.”

“वहिनींनी कुकर लावला असेल,” इनामदार म्हणाले.

“कुकर नाही लावलेला,” आतून कुमुदचा आवाज आला.

मी हेडफोन लावले. बासरी बंद केली. बटण पूर्ण फिरवलं. शांतता. स्वच्छ, काळ्याभोर पाण्यासारखी शांतता, जी मिळवण्यासाठी मी पावसाळाभर खपलो होतो. मुजावरांनी ऐकलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ दाबले, मान हलवली. “नाही बुवा.” इनामदारांनी ऐकलं. “काही नाही. मुलांच्या कल्पना असतात. आमचा नातू म्हणतो, फ्रीज त्याच्याशी बोलतो.”

प्रांजलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मी खोटं नाही बोलत.”

“खोटं कोण म्हणतंय? भास म्हणतोय मी.”

“भास नाही. आत्ता इथंसुद्धा येतेय ऐकू. तिथून.” तिने टेबलावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भरायला लागले होते. ते लपवण्यासाठी ती एकदम वळली आणि तिचं सामान आवरायला लागली. आवरून ती कुठं जाणार होती कुणास ठाऊक. आईची बस संध्याकाळी यायची होती.

मी तिघांच्या कानांचा हिशेब मनात मांडला. एका बाजूला टेलिफोन खात्याचा कान, कॅसेटच्या धंद्यात मुरलेला कान आणि जर्मन हेडफोनवर पोसलेला कान. दुसऱ्या बाजूला सहावीतली मुलगी. पण त्या मुलीला मी ओळखत होतो. स्वतःचा डाग कच्चा राहिला तर कुणी विचारायच्या आत ती म्हणायची, “आजोबा, हा नीट नाही झाला.”

“इनामदार साहेब,” मी म्हणालो, “आपला नियम काय आहे?”

इनामदारांचा हात भडंगावरच थांबला.

आमच्या मंडळात एकच नियम होता आणि तो त्यांच्यामुळेच झाला होता. एकदा त्यांनी मुंबईहून एक फार महाग वायर आणली होती आणि त्या वायरने गाणं उघडून येतं असं ते आठवडाभर सांगत होते. मुजावरांनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कधी ती वायर, कधी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर, असं लावत गेले. महागाची वाटली की हात वर करायचा. इनामदारांनी सर्वांत उत्साहाने हात वर केला तेव्हा दुकानातली वायर होती. तेव्हापासून नियम झाला. काही वेगळं ऐकू येतं असं म्हणणाऱ्याने पाठ करून बसायचं. ऐकू आलं की हात वर.

“लहान मुलीची कसली परीक्षा घेता?” इनामदार म्हणाले.

“मी देते,” प्रांजल म्हणाली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली होती.

तिला आम्ही भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. इनामदारांचे हेडफोन उघड्या पाठीचे होते. आत वाजेल ते थोडं बाहेरही यायचं. ते चालू डब्याला जोडून मी तिच्या मागे टेबलावर ठेवले, बासरी बंद, बटण पूर्ण. हातात एक उशी घेतली. उशी हेडफोनवर दाबली की आवाज बंद, उचलली की सुरू.

“उशीची खसफस ऐकून सांगेल,” इनामदार म्हणाले आणि स्वतः उठून पंखा जोरात लावला.

“ऐकू आलं की हात वर,” मी म्हणालो. “गेलं की खाली. घाई नाही.”

मी उशी दाबली. प्रांजलचा हात मांडीवरच. मी उशी उचलली.

हात वर गेला.

दाबली. हात खाली. उचलायचं नाटक केलं, उशी थोडी हलवली आणि तशीच दाबून धरली. हात जागचा हलला नाही. सावकाश, अगदी सावकाश उचलली. मी स्वतः श्वास रोखून कान दिला. माझ्या कानात पंख्याचा आवाज होता, त्यापलीकडे काही म्हणजे काही नव्हतं. आणि समोर तो लहानसा हात, कोपरावर सोल्डरचा डाग, सरळ छताकडे गेला.

ती एकदाही चुकली नाही.

“माझ्याकडे द्या उशी,” इनामदार म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. ते बराच वेळ थांबायचे, मग पटकन उचलायचे, मग परत परत दाबायचे. हात त्यांच्यामागे सावलीसारखा वर-खाली होत राहिला. शेवटी त्यांनी उशी तशीच छातीशी धरली आणि खुर्चीत बसले.

मुजावरांनी पंखा बंद केला.

“बस झालं बेटा. वळ इकडे.”

प्रांजल वळली. तिला वाटलं असेल आम्ही हसू किंवा शाबासकी देऊ. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत बसलो होतो. शिक्षक म्हणून माझा ऊर भरून आला होता. तिने हात वर करावा आणि मला ऐकू येऊ नये, असं दर वेळी होत गेलं तसतसं दुसरंही काहीतरी होत होतं; त्याच्याकडे त्या घटकेला मी बघितलं नाही.

“म्हणजे शाळेतली ती पोरं...” मुजावर म्हणाले आणि थांबले.

टेबलावरच्या ओळीने मांडलेल्या डब्यांकडे आम्ही सगळ्यांनीच एकदम बघितलं.

“हेडफोन काढून ठेवतात,” इनामदार हळू म्हणाले. “आणि मी म्हणालो, सवय नाही.”

“पण मग त्यांनी सांगितलं का नाही कुणाला?” मी विचारलं. “मुलं आहेत. ओरडून सांगायला हवं होतं.”

“तुम्ही फुकट दिलंय ना,” प्रांजल म्हणाली. “फुकट दिलेल्याला नावं ठेवू नये म्हणतात. मीसुद्धा ‘छान’च म्हणाले होते.”

इनामदारांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेवडे, स्क्रू-ड्रायव्हर कुठं असतो तुमचा?”

शिट्टीचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आधी माझ्या डब्यांत जुन्या पद्धतीचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर असायचा. शाळेसाठी डबे हलके आणि स्वस्त व्हावेत म्हणून मी त्याच्या जागी बाजारात मिळणारं वीज देणारं छोटं तयार कार्ड बसवलं होतं. शिट्टी तेच कार्ड मारत होतं. मी एकेक तार सोडवायचो, प्रांजल मान हलवायची, “अजून आहे.” कार्ड सोडवून बॅटरी लावली तशी ती म्हणाली, “गेली!” आणि पहिल्यांदा हसली.

मग सगळे डबे उघडले. जुने ट्रान्सफॉर्मर आणावे लागले, त्यासाठी कुमुदचे आणखी मोठे डबे गेले. ट्रान्सफॉर्मर आला की त्याची खालच्या पट्टीतली घरघर येते. ती मला व्यवस्थित ऐकू येत होती. म्हणून आम्ही वाटणी केली. खालचा आवाज माझा, वरचा प्रांजलचा. मी ‘माझ्याकडून स्वच्छ’ म्हणायचं, तिने ‘माझ्याकडून स्वच्छ’ म्हणायचं, मगच मुजावरांनी झाकणाचे स्क्रू आवळायचे. इनामदार प्रत्येक डब्यापाशी प्रांजलला विचारायचे, “नक्की?” आणि ती म्हणायची, “नक्की.” त्यात आता थट्टा नव्हती.

शाळेत डबे एक आठवडा उशिरा गेले. पहिल्याच दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी हेडफोन काढेना. सर म्हणाले, “अरे, जेवायला चल.” तो म्हणाला, “धडा संपू दे की.” हे सांगायला मुजावर त्यांच्या स्कूटरवरून सरळ आमच्याकडे आले आणि प्रांजलचा हात हातात घेऊन हलवत राहिले.

पण त्या रविवारचीच संध्याकाळ सांगायची राहिली.

सगळे गेले. प्रांजलला तिची आई घेऊन गेली. मी ओसरीवर बसलो. समोर डोंगर निळा होत चालला होता. कुमुद आतून आली, दुसऱ्या खुर्चीवर बसली. तिच्या मांडीवर निवडायची मेथी होती.

“कुमुद,” मी म्हणालो, “रातकिडे गेलेत ना?”

तिने मेथीची एक काडी मोडली. दुसरी मोडली.

“आहेत,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ता. ओरडतायत.”

मी डोंगराकडे बघत राहिलो. झाडी जिथं होती तिथं होती. थोडी कमी झाली होती, एवढंच.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“तुम्ही फोडणीच्या कढईजवळ उभे राहून, मोहरी तडतडली का, असं मला विचारायला लागलात, तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“अहो, काय सांगू?” ती म्हणाली. “जन्मभर ज्या कानाचं कौतुक ऐकलं, त्याबद्दल मी काय सांगू? तुम्ही म्हणायचात, झाडी तोडल्याने गेले. म्हटलं, असू दे. दोष झाडीवरच जाऊ दे.”

तिने न निवडलेली थोडी मेथी माझ्याकडे सरकवली, मी काड्या मोडायला लागलो. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. ती ऐकत होती, मी बघत होतो.

त्यानंतर मी मंडळात रातकिड्यांचं नाव काढलं नाही. वयाबरोबर वरचे, बारीक सूरच आधी जातात; कुणी त्यांच्याबद्दल बोललं की मी म्हणायचो, “प्रांजलला विचारा.” कान म्हणून मिरवणं बंद केलं. वर्ग मात्र चालू होता. प्रांजल तिचा अँप्लिफायर घरी घेऊन गेली आणि बरेच दिवस तो परत दिसला नाही. विचारलं तर म्हणायची, “होतोय.”

थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी, रविवार नसताना, फाटक वाजलं. प्रांजल आली होती. एका हातात पत्र्याची चपटी पेटी, दुसऱ्या काखेत आणखी एक पेटी, ती मात्र ओळखीची. मखमलवाली.

“हे कुठून आणलंस?” मी दचकलोच.

“इनामदार आजोबांनी दिलेत. त्यांना सांगितलं कशाला हवेत, तर लगेच दिले.” मग तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. “तेल लावलंय का विचारायला सांगितलंय.”

“नाही लावलं.”

“मग चालेल.”

पत्र्याची पेटी तिच्या आईची होती. तिकिटं फाडून द्यायच्या दिवसांतली कंडक्टरची पेटी. हातात मशीन आल्यावर माळ्यावर पडलेली. कोपऱ्यातला रंग आईच्या बोटांनी गेलेला. आत प्रांजलने अँप्लिफायर बसवला होता, बॅटरीवर चालणारा, आणि त्यातून एक लांब वायर बाहेर काढली होती. वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा मायक्रोफोन.

“तू विचारायचास ना... विचारायचात ना,” ती गडबडली, “यावर काय ऐकणार म्हणून?”

“हो.”

“मी नाही ऐकणार. तुम्ही ऐकायचंय.”

तिने ओसरीच्या कठड्यावरून वायर खाली सोडली आणि मायक्रोफोन रातराणीच्या झुडपाशी काठीला बांधला. तिथून मान वळवून म्हणाली, “तुमची कानटोपी द्या.”

“कशाला?”

“द्या ना.”

मी कानटोपी दिली. तिने ती मायक्रोफोनवर चढवली.

“आता पाठ करून बसा. भिंतीकडे.”

“अगं, पण...”

“नियम आहे, आजोबा.”

मी खुर्ची वळवली. भिंतीकडे तोंड करून बसलो. तिने येऊन जर्मन हेडफोन माझ्या कानांवर ठेवले, नीट दाबले, आणि पेटीवरचं बटण फिरवलं. वाऱ्यासारखी हलकी सळसळ सुरू झाली. मग ती पायऱ्या उतरून गेल्याचं मला जमिनीच्या हादऱ्यावरून कळलं. सळसळ तशीच. भिंतीवर एक पाल होती, ती माझ्याकडे बघत होती. मला शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं झालं होतं. नाही आलं तर? ती पोरगी इतके दिवस राबली आहे. नाही आलं तर मी काय म्हणणार? ‘छान’?

आणि मग सळसळीच्या मागून काहीतरी आलं. आधी एकच. खूप लांबून, पत्र्यावर कुणी नख फिरवावं तसं. मग दुसरं, त्याच्याजवळच. मग सगळेच्या सगळे. घर बांधलं त्या वर्षी, खिडक्यांना तावदानं नव्हती तेव्हा, मी आणि कुमुद गोधडी पांघरून ज्यांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलायचो, तेच.

मी हात वर केला.

आवाज गेला. मी हात खाली घेतला. आला, वर केला. एकदा तिने मला फसवायला नुसतीच टोपी हलवली, ते कळलं. मी हात वर केला नाही.

“बरोबर!” ती ओरडली. हेडफोनमधूनही ऐकू आलं. “सगळे बरोबर!”

ती धावत वर आली, माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि हेडफोनची एक बाजू माझ्या कानावरून थोडी उचलून म्हणाली, “झाली परीक्षा, आजोबा. आता हात खाली करा की.”

“ते अजून गातायत ना?” मी विचारलं.

“हो.”

“मग राहू दे.”

तेवढ्यात कुमुद दिवा लावायला बाहेर आली. भिंतीकडे तोंड करून, हात वर धरून बसलेल्या नवऱ्याकडे तिने बघितलं. “अहो, हे काय? कोणी शिक्षा केली तुम्हाला?”

प्रांजलने ओठांवर बोट ठेवलं.

“श्श. आजी, आजोबा ऐकतायत.”

कुमुदने दिवा लावला नाही. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि माझा वर गेलेला हात थकायला लागला तसा तिने तो खालून, कोपराशी, हळूच धरला.